छातीशी उशी धरून

"तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांमध्ये अडथळे आहेत. स्टेंट टाकून भागणार नाही. बायपास करावी लागेल."

अँजिओग्राफी करून मला नुकतंच बाहेर आणलं होतं. मनगटातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतात, त्या तपासणीला अँजिओग्राफी म्हणतात. मनगटावर घट्ट पट्टा होता आणि बोटं गार पडली होती. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होते, पण त्यांचं बोलणं ऐकत होते ते विलास. मी विलासच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "कधी?"

विलास माझे पती. समोर असताना मी त्यांना 'अहो' म्हणायचे, दुसऱ्यांशी बोलताना 'हे'. लिहिताना नाव लिहिते, कारण नाव लिहिलं की ते जरा जवळ असल्यासारखे वाटतात.

माझी बायपास यशस्वी झाली. मी आयसीयूत असताना विलास गेले. हे आधीच सांगून टाकते. मला ते उशिरा सांगितलं गेलं, आणि तसं वाचणाऱ्यांशी करायची माझी इच्छा नाही.

आम्ही देवळाली कॅम्पात राहतो. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचे. विलास लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर होते. दोघंही निवृत्त झालो होतो आणि मुलगा निखिल पुण्याला नोकरीला होता. संध्याकाळी बाजारात चालत जायचं, भाजी घ्यायची, परतायचं, असा आमचा दिवस.

त्या चालण्यातच आजार दिसला. मला धाप लागायची आणि जबडा दुखायचा. छातीत कळ वगैरे काही नाही. मी ओवा खाल्ला, पित्ताच्या गोळ्या घेतल्या, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आले. धाप लागली की मी एखाद्या दुकानासमोर थांबायचे, म्हणजे ती कोणाला कळू नये. एक दिवस विलास म्हणाले, "तू साड्यांच्या दुकानासमोर थांबतेस आणि साड्यांकडे बघत नाहीस. चल, उद्या डॉक्टरकडे जाऊ."

साधा ईसीजी ठीक आला. मग ट्रेडमिल टेस्ट झाली. म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवतात आणि चालताना हृदयाचा आलेख काढतात. माझी टेस्ट मध्येच थांबवली. बायकांना पुष्कळदा छातीऐवजी जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हे मला आधी माहीत नव्हतं. वाचणाऱ्या बायकांनो, तुम्ही लक्षात ठेवा.

ऑपरेशन ठरल्यावर घरात फक्त माझं हृदय उरलं. माझं जेवण, माझ्या गोळ्या, माझी झोप. विलास नाशिकला हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत होते, रक्तदाते गोळा करत होते, औषधांच्या खिडकीपाशी उभे राहत होते. ते काय खातात, कधी बसतात, हे त्या दिवसांत कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं सगळे दागिने काढायला सांगितले. मंगळसूत्र मी माझ्या हातानं काढून विलासना दिलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरचं बटण लावलं. "भूल उतरली की मी समोरच असेन," म्हणाले.

आणि ते होते. आयसीयूमध्ये तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा निळा गाऊन आणि डोक्यावर आयसीयूत देतात ती कागदी टोपी घातलेले विलास पायथ्याशी उभे होते. अंगाला सगळीकडे नळ्या, हाताला सुया. मोकळी म्हणून फक्त पावलं. त्यांनी माझ्या पावलावर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं. आता काही करायचं नाही. पडून राहायचं."

तेवढंच. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी निखिल आला. बाबांना ताप आहे, म्हणाला. ताप असलेल्या माणसाला आयसीयूत सोडत नाहीत हे मला पटलं. नळी काढली होती, आवाज फुटत नव्हता. मी हातानं विचारलं, औषध घेतलं का? तो म्हणाला, घेतलं.

त्याच दिवशी माझ्या हृदयाची लय बिघडली. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. हृदयाच्या ऑपरेशननंतर हे होऊ शकतं आणि बहुधा औषधांनी लय परत बसते. मला ते छातीत पक्षी फडफडावा तसं वाटत होतं. मॉनिटर वाजायचा, नर्स यायच्या, सलाईनमधून औषध जायचं.

वॉर्डात आणल्यावर माझी धाकटी बहीण रेखा सोबतीला आली. ती घोटीला दिलेली. घरचा भाताचा व्यापार आहे. मी तिला विचारलं, ताप उतरला का? ती म्हणाली, "उतरंल ना ताई. नुसता ताप हाय. तू बोलू नको जास्त." आणि सफरचंद कापायला बसली. सफरचंद कापून झालं तरी तिनं मान वर केली नाही.

मी फोनवर बोलते म्हटलं, तर त्यांचा घसा बसलाय असं उत्तर आलं. निखिल वॉर्डातही टोपी घालून यायचा. मी म्हटलं, इथे कशाला टोपी? तर एसीचा गारवा लागतो, म्हणाला. औषधांनी मला गुंगी असायची. एखादा प्रश्न मनात यायचा आणि मी झोपून जायचे. जाग आली की तोच प्रश्न परत समोर असायचा.

याच दिवसांत मुग्धा आली. ती हॉस्पिटलची समुपदेशक, वयानं निखिलहून थोडी मोठी असेल. हृदयाच्या ऑपरेशननंतर पुष्कळ रुग्णांना उदास वाटतं, कारण नसताना रडू येतं, भीती वाटते. त्यासाठी ती माइंडफुलनेस शिकवते. मराठीत सजगता. जे चाललं आहे त्याकडे, ते चाललेलं असतानाच, चांगलं-वाईट न ठरवता लक्ष द्यायचं, असं तिनं समजावलं. मी मनात नाक मुरडलं. आयुष्यभर वर्गात पोरांना लक्ष द्या, लक्ष द्या म्हणत आले होते, आता ते मला कोणी शिकवायचं?

ती म्हणाली, श्वास कुठे जाणवतो ते बघा. मी सांगितलं, छातीत जाणवतो आणि तिथे तारा आहेत. बायपासमध्ये छातीचं हाड मधून कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. प्रत्येक श्वासाला मला तिथे ओढ बसायची. मग ती म्हणाली, श्वास राहू दे, पावलं बघा. एका पायातून बायपाससाठी शीर काढलेली, त्याला टाके. शेवटी आम्ही हातावर आलो. उजवा हात चादरीवर ठेवायचा आणि चादर कशी लागते तेवढंच बघायचं. विचार आला तर आला म्हणायचं आणि परत हातावर यायचं.

मी डोळे मिटले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काय विचार येतोय?"

"एकच येतो," मी म्हटलं. "हे का येत नाहीत?"

येतील हो, असं निखिल म्हणायचा, रेखा म्हणायची, नर्ससुद्धा म्हणायच्या. मुग्धानं म्हटलं नाही. ती माझ्या हातावर हात ठेवून बसली आणि मग उठून बाहेर गेली.

बाहेर काय झालं ते मला पुढे निखिलनं सांगितलं. माझं मन जरा घट्ट व्हावं म्हणून त्यानंच मुग्धाला लवकर पाठवलं होतं. सर्जन म्हणाले होते की ठोके अजून अनियमित आहेत, लय बसेपर्यंत थांबा. मुग्धा निखिलला आणि सर्जनना म्हणाली, मी त्यांना समोर आहे ते बघायला शिकवतेय, आणि आपण सगळे मिळून तेच झाकतोय. तुम्ही सांगायचं ठरवा, नाहीतर मी त्यांच्याकडे जाणार नाही. सर्जननी रिपोर्ट पाहिले. लय बसली होती. ते म्हणाले, सांगायचं तर इथेच सांगा, मॉनिटर लावलेला असताना. मी थांबतो.

दुपार होती. सर्जन मॉनिटरशेजारी उभे राहिले, मुग्धा माझ्या उशाशी. रेखा पायथ्याशी पदर तोंडाला लावून. निखिल खुर्ची ओढून बसला आणि त्यानं टोपी काढली. डोक्यावर केस नव्हते.

"आई, बाबा नाहीत."

मी ते मुंडण केलेलं डोकं पाहिलं होतं. तरी विचारलं, "कुठे नाहीत?"

"कुठेच नाहीत गं, आई."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉस्पिटलला यायला निघताना, पायात चप्पल घालायला ते ओट्यावर बसले आणि तिथेच कोसळले. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून कॅम्पातल्या दवाखान्यात नेलं. तिथे पोहोचायच्या आधीच संपलं होतं. बहुधा हार्ट अटॅक, असं तिथले डॉक्टर म्हणाले. घरात एकाच हृदयाची काळजी चालली होती आणि थांबलं ते दुसरंच.

बायपासनंतर रडता येत नाही. मी अतिशयोक्ती करत नाही. हुंदका आला की कापलेलं हाड हलतं आणि डोळ्यांपुढे काळं येतं. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, असं फिजिओथेरपिस्टनं शिकवलेलं असतं, म्हणजे हाडाला आधार मिळतो. मुग्धानं ती उशी माझ्या हातात दिली. "धरा. आणि रडा," म्हणाली. "मी इथेच आहे." मी उशी धरली आणि रडले. शांत व्हा असं ती म्हणाली नाही. सर्जन स्क्रीनकडे बघत होते. ठोके वाढले, वाढत गेले आणि पुष्कळ वेळानं हळूहळू खाली आले. लय बिघडली नाही.

ज्या भीतीनं मला सांगितलं नव्हतं, तसं काही झालं नाही. आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला माहीत नाही. सर्जननाही माहीत नसावं. पण मला शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही. रामकुंडावर अस्थी गेल्या तेव्हा मी इकडे सफरचंद खात होते. आजही मी सफरचंद खात नाही.

मी निखिलशी बोलणं बंद केलं. रेखाशीही. डिस्चार्ज होईपर्यंत हो किंवा नाही, एवढंच. मुग्धा रोज यायची. तिनं विचारलं, राग अंगात कुठे जाणवतो? मी हात लावून दाखवला, जबड्यात. आणि घाबरले, कारण आजारही तिथूनच सुरू झाला होता. लगेच ईसीजी काढला, तो बरोबर होता. त्या दिवसापासून मी फरक ओळखायला शिकले. हृदयाचं दुखणं चालताना यायचं आणि थांबलं की जायचं. रागाचं दुखणं निखिलचा आवाज ऐकला की यायचं, आणि दात मोकळे सोडले की सैल व्हायचं. अर्थात शंका आली तर आधी डॉक्टर, मग हे सगळं. मुग्धाही असंच सांगते.

घरी आले. रेखा सोबत होतीच. न्हाणीघरात गेले आणि भिंतीला हात टेकला, तर हाताला काही तरी गार लागलं. स्टीलची नवी दांडी. कमोडच्या बाजूला एक, नळापाशी एक. रेखा दाराबाहेरून म्हणाली, "भाऊजींनी बसवल्या त्या. तुझं ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी. मी फोनवर म्हटलं उद्या करा, थकला तुम्ही. तर म्हणे, तिला घरी आल्यावर उठता-बसता आधार नको का?"

छातीचं हाड जुळेपर्यंत हातांवर भार द्यायला आम्हाला मनाई असते. दांडी धरून उठायचं नाही, दार जोरात ओढायचं नाही, जड उचलायचं नाही. उठायचं ते मांड्यांच्या जोरावर. हे विलासना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दिवसभर हॉस्पिटलात उभं राहून, घरी येऊन, भिंतीला भोकं पाडून माझ्यासाठी बसवलेली दांडी मला धरता येत नव्हती.

मी नुसता तळवा ठेवायचे तिच्यावर.

मुग्धानं सांगितलं होतं की घरी एखादी वस्तू निवडा. मन सैरभैर झालं की तिच्यावर लक्ष आणायचं. काही जण पाण्याचा पेला घेतात, काही जण जपमाळ. मी ती दांडी घेतली. गार आहे. गोल आहे. गुळगुळीत आहे. भिंतीजवळ स्क्रूचं डोकं आहे. विलास गेले, हा विचार आला. आला. परत तळव्यावर. गार आहे. विलास गेले. गार आहे. असं किती तरी वेळ. रेखा बाहेरून हाका मारायची, ताई, बरी आहेस ना?

खरं सांगायचं तर त्यानं दुःख कमी झालं नाही. ज्यांना वाटतं की सजगतेनं मन शांत होतं, त्यांना सांगते, माझं झालं नाही. आधी मी दुःखापासून पळत होते, मग त्याच्याशेजारी बसायला लागले, एवढाच फरक. पण पळताना माझे ठोके वाढायचे, घाम यायचा, झोप उडायची. शेजारी बसल्यावर ते थांबलं.

कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. इतक्या वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा मी दचकून ओरडले आणि छाती धरून खाली बसले. असं दचकणं, उगाच घाबरणं हेही ऑपरेशननंतर होतं, माझ्या एकटीच्या मनाचं ते खूळ नाही, हे मुग्धाकडून कळलं. तिनं सांगितलं, आवाज म्हणूनच ऐका. कुठून आला, किती वेळ राहिला, कधी विरला. मी ऐकायला लागले. तोफ वाजली. काच हलली. काच थांबली. हळूहळू दचकणं गेलं.

निखिल दर शनिवारी पुण्याहून यायचा. औषधांचे डबे भरायचा, डॉक्टरांना फोन करायचा, माझ्यासमोर न बसता परत जायचा. त्याचे केस परत उगवायला लागले होते. एका रविवारी सकाळी मी त्याला म्हटलं, बस. मला सगळं सांग. पहिल्यापासून.

तो म्हणाला, "कशाला आई? त्रास होईल."

"मी तिथे नव्हते," मी म्हटलं. "तू होतास. मला तुझ्याकडूनच कळणार."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे खाली. साडीचं कापड हाताला लागत होतं, तिथे लक्ष ठेवलं. तो सांगत गेला. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा तो हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी पेजेची चौकशी करत होता. बाबांना तो निळा चौकटीचा शर्ट होता. खिशाचं बटण लावलेलं होतं; मंगळसूत्र आतच होतं, ते त्यानं जपून ठेवलं आहे. दहन दुपारी झालं. भेटीची वेळ चारची. चुलते म्हणाले, आज नको जाऊस. पण आई वाट बघेल, कोणीच आलं नाही तर घाबरेल, म्हणून तो स्मशानातून घरी गेला, अंघोळ केली आणि हॉस्पिटलला आला. गाऊन घातला, मुंडण केलेल्या डोक्यावर कागदी टोपी चढवली. दाराच्या काचेत हसून बघितलं, चेहरा बरोबर दिसतोय का म्हणून. मग आत आला.

"तू हातानं विचारलंस, औषध घेतलं का," तो म्हणाला. आणि त्यानं तोंड ओंजळीत लपवलं.

मी तोपर्यंत स्वतःला धरून ठेवलं होतं, मध्ये न बोलता, प्रश्न न विचारता. लक्ष हातावर, हातावरून त्याच्या आवाजावर. शिकवलेलं इतकं कामी आलं नसतं तर मी पहिल्याच वाक्याला त्याला गप्प केलं असतं आणि बाकीचं मला कधीच कळलं नसतं. विलास गेले तो दिवस मी पहिल्यांदा पाहिला, निखिलच्या डोळ्यांनी. आणि त्या दिवसात वडिलांना अग्नी देऊन आलेला, आईसमोर हसणारा माझा मुलगाही मला पहिल्यांदा दिसला.

मी त्याला जवळ घेतलं. छाती अजून दुखत होती, म्हणून कडेनं घेतलं. त्या दिवशी आम्ही दोघं बाबांसाठी एकत्र रडलो. राग पुरता गेला असं नाही म्हणणार. शेवटचं दर्शन हुकलं ते हुकलंच. पण जबडा सैल झाला.

पुढे हॉस्पिटलात आमचा वर्ग सुरू झाला. आठवड्यातून एकदा, फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सोबतीच्या माणसालाही बसायची परवानगी होती. विंचूरहून बनकरकाका आणि काकू यायचे. काका कांद्याचे व्यापारी, बायपास माझ्यानंतर झालेली. पहिल्याच दिवशी ते मुग्धाला म्हणाले, "मॅडम, डोळे मिटले का मला लिलावच दिसतो. नाय तर झोप लागती." सगळे हसले. मुग्धा म्हणाली, लिलाव दिसला तर लिलाव बघा, बोली लावू नका. त्या दिवशी ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले आणि हसताना छाती दुखली.

एका आठवड्यात मुग्धानं नवीन सराव दिला. प्रिय माणूस डोळ्यांसमोर आणायचं आणि मनात म्हणायचं, तू सुखी अस, तू निरोगी अस. मी म्हणायचा प्रयत्न केला. तू निरोगी अस. ज्याच्यासाठी म्हणायचं त्याला आता निरोगी असण्याचा काही उपयोग नव्हता. मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

मागून बनकरकाकू आल्या. त्यांना माझं सगळं माहीत होतं. त्या शेजारी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लय आठव येती का?"

मी मान हलवली.

"येऊ द्या. मी थांबते."

व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता. मी विचारलं, तुम्ही स्वतः कधी तपासून घेतलंत का? त्या हसल्या. मला काय धाड भरली, म्हणाल्या. काकांचं पथ्य, काकांच्या गोळ्या, विंचूरहून येणं-जाणं, घरची गुरं. रात्री पाठ भरून येते, पण ते कामानं. मी त्यांचा हात धरून त्यांना तसंच खाली ईसीजीच्या खोलीत घेऊन गेले. ईसीजी झाला, पुढच्या आठवड्यात बाकीच्या तपासण्या झाल्या. हृदय ठीक निघालं. रक्तदाब मात्र खूप वाढलेला होता, त्याला गोळी सुरू झाली. काकू गोळीचं पाकीट दाखवायला माझ्याकडे आल्या आणि हे बरं झालं म्हणाल्या. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. एक साधी तपासणी. चार पावलांवरची खोली. त्या खोलीवरून विलास किती वेळा गेले असतील.

मुग्धानं नंतर तो सराव माझ्यासाठी बदलला. प्रिय माणूस समोर नसेल तर जो आहे त्याच्यासाठी म्हणा, म्हणाली. मी काही दिवस निखिलसाठी म्हटलं, रेखासाठी म्हटलं. स्वतःसाठी म्हणायला सगळ्यात जड गेलं. अजूनही जातं.

आता माझं हाड जुळलं आहे. मी बाजारात चालत जाते, मध्ये थांबावं लागत नाही. उदास वाटतं, काही दिवस फार वाटतं. मुग्धाच्या सांगण्यावरून मी मनोविकार तज्ज्ञांनाही भेटले आणि काही काळ गोळी घेतली. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हृदयाची गोळी चालते तर मनाचीही चालावी. सजगता ही औषधांना पर्याय नाही, सोबत आहे. हे मी मुद्दाम लिहिते.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना एक विनंती. रुग्णाला वाईट बातमी कधी सांगायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, पण लवकर ठरवा. आणि सांगताना त्याच्याजवळ बसा. तो पडून असतो, गुंगीत असतो, तरी घरातल्या माणसांचे चेहरे त्याला दिसत असतात.

महिन्यातून एकदा मी आता हॉस्पिटलात जाते. ऑपरेशनआधी रुग्णांशी बोलायला अनुभवी माणूस हवं असतं, म्हणून मुग्धा बोलावते. मागच्या खेपेला घोटीकडच्या एका खेड्यातले शेतकरी होते, दुसऱ्या दिवशी बायपास. त्यांना मी उशी कशी धरायची ते दाखवलं, नळीची भीती घालवली, हात चादरीवर ठेवून लक्ष कसं द्यायचं ते करून दाखवलं. त्यांना ते चटकन जमलं. हुशार होते.

त्यांची बायको खाटेच्या कडेला उभी होती. खांद्याला पिशवी, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. मी बोलत असताना ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, सगळं लक्षात ठेवायचं आहे अशी. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "यांना मी अजून काय काय करू?"

मी तिच्या हातातलं पाकीट घेतलं, खांद्यावरची पिशवी उतरवून खुर्चीखाली ठेवली आणि तिला बसवलं. विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. असा प्रश्न तिला विचारला जाईल हे तिला वाटलंच नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "कालपासनं नाय."

नवरा खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "आगं, मग बोलली का नाय?"

मी तिला घेऊन कॅन्टीनला गेले. ती पोळी-भाजी जेवत होती आणि मी समोर बसले होते. घाई करू नका, मी म्हटलं. ती हळूहळू जेवली. तिचं जेवण होईपर्यंत मी तिच्याकडेच लक्ष ठेवलं, दुसरीकडे कुठेही नाही. मग आम्ही दोघी खाली ईसीजीच्या खोलीकडे गेलो.